मुसाफिराची खोली

(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



चिटणीस साहेबांनी मला ‘परदेश प्रवासातील अनुभव’ हा विषय दिला आहे. त्यामुळे मास्तर आता थेम्स नदी, मोठे घड्याळ आणि राजवाडा यांची सैर घडवणार, अशी काहींची समजूत झाली असेल. ती स्थळे मी पाहिली, नाही असे नाही. पण त्यांची चित्रे आपल्या सातवीच्या मुलांच्या मोबाईलमध्येसुद्धा आहेत. मला सांगावयाचे आहे ते तिथल्या एका स्वस्त लॉजविषयी. त्यात आम्ही पाच रात्री काढल्या, आणि तिथे मनात आलेली एक गोष्ट अजून मनातून जात नाही. तिचा संबंध आपल्या शाळेमागच्या मोकळ्या जागेशी आहे. अध्यक्ष साहेब हसत आहेत, म्हणजे त्यांच्या लक्षात आले आहे.

शाळामास्तर लंडनला जातो कसा, ही शंका आधी फेडून टाकतो. माझी थोरली बहीण तिथे वीस वर्षांपासून आहे. तिच्या मुलीचा निकाह ठरला. अम्मीचे आणि माझे तिकीट मेहुण्यांनी पाठवले, पत्नीचे आणि मुलाचे मी शिक्षक पतपेढीतून कर्ज काढून केले. त्याचे हप्ते अजून पगारातून कापले जातात. आपाचे घर ईस्ट हॅम भागात, दोन खोल्यांचे. लेस्टरहून मुलाकडची मंडळी आलेली, शिवाय आफ्रिकेतले नातेवाईक. पाय ठेवायला जागा नव्हती. तेव्हा मेहुण्यांनी किंग्ज क्रॉस स्टेशनाजवळच्या एका लॉजमध्ये आम्हा चौघांसाठी खोली घेतली. तेथून ईस्ट हॅमला गाडी न बदलता जाता येते, हा त्यांचा हिशेब. रात्रीचे नव्वद पौंड. आपल्या पैशांत साडेनऊ हजारांच्या वर. हा आकडा अम्मीला आम्ही शेवटपर्यंत कळू दिला नाही.

किंग्ज क्रॉसजवळ आर्गाइल स्क्वेअर म्हणून एक चौक आहे. मध्ये लहानशी बाग, आणि तिच्या बाजूंनी जुनी, अरुंद, एकमेकांना चिकटलेली विटांची घरे. त्यांपैकी कितीतरी घरांचे आता लॉज झाले आहेत. आमचे लॉज त्याच आळीतले. आम्ही सकाळी दहाला पोचलो. खोली दोनला मिळेल असे सांगण्यात आले. सामान जिन्याखाली ठेवून आम्ही चार तास बागेतल्या बाकावर बसलो. अम्मी म्हणाली, “कल्याण स्टेशनवर बसलो असतो तरी हेच झाले असते.”

खोली तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. जिना असा की, वरून माणूस येत असेल तर खालच्याने भिंतीला टेकून उभे राहावे. माझ्या मुलाने पायऱ्या मोजल्या, बावन्न भरल्या. खोलीत एक दोन माणसांचा पलंग, एक आगगाडीतल्या बर्थसारखा वर-खाली पलंग, कोपऱ्यात हात धुण्याचे बेसिन, पाणी तापवायची विजेची किटली आणि दुधाच्या बोटभर डब्या. संडास आणि स्नानगृह बाहेर, दोन खोल्यांत मिळून एक. माझ्यातला मास्तर स्वस्थ बसेना, मी पावलांनी खोली मोजली. दहा बाय अकरा. आमची विठ्ठलवाडीच्या चाळीतली पहिली खोली दहा बाय बारा होती. मुलगा म्हणाला, “अब्बा, आपली मोठी आहे.” इतक्या लांब येऊन त्याला घराचा अभिमान वाटला, तेही काही कमी नाही.

अम्मीने मात्र चारी बाजूंना पाहिले आणि म्हटले, “हा तर मुसाफिरखाना.” तिच्या लहानपणी तिचे वडील हजला निघाले, तेव्हा जहाज सुटेपर्यंत सगळे घर मुंबईला क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात उतरले होते. हजची जहाजे मुंबईहून १९९५ पर्यंत जात असत. त्या पिढीच्या कोकणी माणसाला मुंबई म्हणजे आधी मुसाफिरखाना आणि मग बंदर. अम्मीला त्या खोलीतल्या ट्रंका, दोरीवरचे कपडे, शेजारच्या खोलीतल्या अनोळखी बायकांनी दिलेली खिचडी हे सगळे आठवत होते. तिला लॉज आवडले ते त्या आठवणीमुळे. पत्नीला आवडले नाही. तिचे म्हणणे असे की, एवढ्या पैशांत खिडकी तरी पूर्ण उघडायला हवी होती. खिडकी चार बोटे उघडत असे.

दुसऱ्याच दिवशी प्रकरण घडले. मे महिन्याचे दिवस, तिथे पहाट तीनच्या सुमारास लागते आणि मगरिब होते रात्री नऊला. झोप आणि नमाज यांचा मेळच बसेना. बाहेरचे स्नानगृह पहाटे बंद असलेले पाहून अम्मीने खोलीतल्याच बेसिनवर वजू केला. हात, तोंड ठीक. पण पाय? सत्तरीच्या जवळ आलेल्या बाईने बेसिनमध्ये पाय कसा घालावा? तिने लोट्याने पायांवर पाणी घेतले आणि ते खालच्या गालिच्यावर पडले. गालिच्याखाली लाकडी तक्तपोशी, तिच्याखाली दुसऱ्या मजल्यावरच्या पाहुण्याचे छत. आठ वाजता मालक वर आले. छताला डाग पडला, नुकसानभरपाई द्या, असे त्यांचे म्हणणे. मला इंग्रजी येते, पण रागावलेल्या माणसाचे इंग्रजी समजायला वेगळे शिक्षण लागते. त्यात मी अम्मीला मराठीत म्हणालो, “आता काय करायचे गं?”

तेव्हा मालकाच्या मागे उभा असलेला नोकर मुलगा म्हणाला, “सर, तुम्ही थांबा. मी बोलतो.”

मित्रांनो, तीन मजले चढून, सात समुद्र ओलांडून, ऐन संकटात मराठी ऐकू आली, तेव्हा मला काय वाटले असेल! मुलगा रायगड जिल्ह्यातला, महाडच्या अलीकडच्या एका खेड्यातला. त्याचे नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते त्याच्या घरी ठाऊक नाही. जातीने कुणबी. त्याच्या वाडीला लागून आपल्या लोकांचा मोहल्ला असल्यामुळे वजू म्हणजे काय ते त्याला समजावून सांगावे लागले नाही. त्याने मालकाला समजावले की, हे देवाच्या प्रार्थनेपूर्वीचे धुणे आहे, बाईंचा हेतू नुकसान करण्याचा नव्हता, डाग सुकेल. डाग सुकलाही. मग तो स्वतः जवळच्या दुकानातून चार पौंडांचा एक राखाडी प्लास्टिकचा टब घेऊन आला. “चाची, यात पाय ठेवून करा.” आमच्या कोकणात हिंदू मुले मुसलमान बायकांना चाचीच म्हणतात. अम्मीने त्याच्या तोंडावरून हात फिरवला. किब्ल्याची दिशाही त्यानेच मोबाईलवर पाहून दिली. आपल्याकडे पश्चिमेला तोंड करायची सवय. लंडनहून मक्का आग्नेयेला येते. अम्मी पहिल्या दिवशी सवयीने पश्चिमेला उभी राहिली होती. मी भूगोल शिकवतो, आणि माझ्याही ते लक्षात आले नव्हते.

न्याहारी तळघरात असे. पाव, लोणी, मुरंबा, अंडी, चहा, आणि ज्यांना चालते त्यांच्यासाठी ते दुसरे. अंडी एकाच तव्यावर होतात हे पाहून पत्नीने पहिल्या दिवशी नुसता पाव खाल्ला. या मुलाने दुसऱ्या दिवसापासून आमच्यासाठी अंडी वेगळ्या भांड्यात उकडून ठेवायला सुरुवात केली. न्याहारी आटोपल्यावर उरलेले पाव तो कागदी पिशवीत भरून घेत असे. मला वाटले, पक्ष्यांना टाकत असेल. मास्तर लोकांची समज कधी कधी अशीच असते.

तिसऱ्या रात्री लग्नाहून परतायला बारा वाजले. घरचे वर गेले, मी त्याच्याजवळ बसलो. तो रात्रपाळीला होता. तेव्हा त्याने सांगितले ते येथील पालकांनी नीट ऐकावे, कारण या सभागृहातही दोन-तीन घरांतून मुलगा बाहेर पाठवायच्या गोष्टी चालू आहेत, हे मला माहीत आहे.

तो एक वर्षाच्या एम.एस्सी. अभ्यासक्रमाला गेलेला. शिक्षणासाठी कर्ज काढलेले, त्याला घर तारण. लंडनच्या विद्यापीठात जायचे असेल तर फी सोडून आणखी नऊ महिन्यांच्या राहण्या-खाण्याची रक्कम बँकेच्या खात्यात सलग २८ दिवस दाखवावी लागते. हा नियम चांगल्या हेतूने केलेला आहे: मुलगा उपाशी राहू नये. आपल्याकडे काय होते? मामा, चुलते, गावातला दुकानदार यांच्याकडून रक्कम गोळा करून खात्यात भरतात, २८ दिवस झाले, व्हिसा हातात आला की, ज्याची त्याला परत करतात. कागदावर मुलाजवळ पैसे असतात. विमानात बसताना नसतात. याचेही तसेच झाले. एजंटाने सांगितले होते की, राहण्याची सोय कॉलेज करते. कॉलेजच्या वसतिगृहाचे भाडे पाहून याचे पाय गळाले. बाहेर खोली मागावी तर तिथला जामीनदार आणा म्हणतात. मग शहराच्या टोकाला एका खोलीत सहा जण. त्यांतले दोघे रात्री कामाला जात, म्हणून पलंग चार पुरत. परदेशी विद्यार्थ्याला कॉलेज चालू असताना आठवड्याला वीसच तास काम करता येते. त्या वीस तासांत भाडे, प्रवास आणि पोट. लॉजमालकाने त्याला रात्रपाळीच्या दिवशी तळघरात झोपायला परवानगी दिली, हे त्याला भाग्य वाटत होते.

“घरी काय सांगितलेस?” मी विचारले.

“हॉटेलात राहतो म्हणून सांगितले आहे,” तो म्हणाला. “खोटे नाही ना सर?”

त्याची आई वाडीत सगळ्यांना सांगते की, मुलगा लंडनला हॉटेलात राहतो.

मला त्या रात्री झोप आली नाही. मुलगा हुशार, कामसू, निर्व्यसनी. अभ्यासात मागे पडत होता, कारण रात्र जागून काढायची आणि सकाळी वर्गात डोळे मिटायचे. कमी कशाची होती? बुद्धीची नव्हे. फीसुद्धा कशीबशी भरली होती. कमी होती ती एका पलंगाची.

दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हटले, आज तुझी सुट्टी ना, चल आमच्याबरोबर. किंग्ज क्रॉसहून भुयारी गाडीने तिसरे स्टेशन चॉक फार्म. तेथून पाच-दहा मिनिटांवर किंग हेन्रीज रोड नावाचा शांत रस्ता आहे. तिथले दहा नंबरचे घर. बाहेर निळी गोल पाटी आहे. १९२१-२२ साली या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहत होते. घर त्यांचे नव्हते, ते तिथे भाडेकरू होते, आमच्यासारखेच, खोलीपुरते. महाराष्ट्र शासनाने ते घर २०१५ साली विकत घेतले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात स्मारक म्हणून त्याचे उद्घाटन झाले. पुढे शेजाऱ्यांनी आणि तिथल्या नगरपालिकेने हरकत घेतली की, वस्तीच्या घरात संग्रहालय चालवता येणार नाही. तो तंटा २०२० साली मिटला आणि स्मारकाला परवानगी मिळाली. ज्या घरात तो माणूस भाड्याने राहिला, तिथे त्याची आठवण ठेवायलासुद्धा परवानगी मागावी लागली, हे मला गमतीचे वाटले.

बाबासाहेब पहिल्यांदा लंडनला गेले १९१६ साली. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धे टाकून परत यावे लागले. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना नावाच्या पारशी मित्राने कर्ज दिले, आणि १९२० साली ते पुन्हा गेले. धनंजय कीरांनी लिहिलेल्या चरित्रात त्या दिवसांचे वर्णन आहे. सकाळची न्याहारी म्हणजे पावाचा तुकडा आणि चहा. दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय. दुपारचे जेवण नाही, कारण पैसे नाहीत. रात्री भूक लागली की, ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजून खायचे आणि पुन्हा वाचायला बसायचे. १९२१ मध्ये एम.एस्सी. झाले, १९२३ मध्ये डी.एस्सी. आणि त्याच वर्षी रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला.

पापडाचे मी सांगत होतो तेव्हा अम्मी बाजूलाच होती. तिने काही न बोलता मान हलवली.

या कथेतला एक भाग आपण सहसा सांगत नाही. ते लंडनला उपाशी राहत होते, तेव्हा त्यांची पत्नी रमाबाई परळच्या चाळीत मुले सांभाळत होत्या. लंडनच्या त्या खोलीचे भाडे अर्धे परळमध्ये भरले जात होते, असे म्हणायला हरकत नाही. मघाच्या मुलाच्या खोलीचे भाडेसुद्धा असेच कुणीतरी वाडीत भरत आहे.

आता थोडे कडू बोलतो. १९१७ साली बाबासाहेब अमेरिका आणि लंडन पाहून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नाव घेऊन एका पारशी सराईत ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे आली आणि त्यांना बाहेर काढले. शिकलेला माणूस काही तास बागेत बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला. लंडनच्या घरमालकिणीने खायला कमी दिले असेल, पण जात विचारून दार लावले नाही. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. त्याच आठवणींत १९३४ चा दौलताबाद किल्ल्यावरचा प्रसंग आहे. तिथे हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून त्यांच्यावर ओरडत धावून आले ते आपले लोक होते, मुसलमान. हे मी मुद्दाम सांगतो. आज मुंबईत किंवा इथे डोंबिवलीत खोली पाहायला गेल्यावर आपले नाव ऐकून घरमालकाचा चेहरा बदलतो, त्याची तक्रार आपण करतो. योग्यच करतो. मलाही ते दोनदा भोगावे लागले आहे. पण दार लावून घेण्याची विद्या एकाच समाजाची नाही, आपणही ती वापरली आहे, हे आपल्या मुलांनी शाळेतच ऐकलेले बरे.

घर पाहून परत येताना तो मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “सर, माझे गाव महाडपासून इतके जवळ, दरवर्षी चवदार तळ्यावर गर्दी पाहतो. पण हे पाहायला मला इथे कुणी घेऊन आले नव्हते.” दीड वर्ष तो तिथे होता, आणि ते घर त्याच्या लॉजपासून तीन स्टेशनांवर. वेळच कुठे होता त्याला.

संध्याकाळी अम्मीने बॅग उघडली. घरून आणलेले तांदळाचे आणि उडदाचे पापड होते. आपाला द्यायचे म्हणून बांधलेले, त्यांतले निम्मे तिने त्याच्या हातात दिले. खोलीत काही भाजण्याची बंदी होती. धूर झाला की गजर वाजतो आणि सगळे लॉज रस्त्यावर येते. त्याने ते तळघरातल्या पावाच्या यंत्रात भाजले. थोडे जळले.

आता आपल्या शाळेमागच्या जागेकडे येतो.

संस्थेने तिथे शादीखाना बांधावा, अशी सूचना आहे. तिच्या बाजूने जे बोलले जाते ते वाया घालवण्यासारखे नाही. हॉलचे भाडे येईल, त्यातून शिष्यवृत्त्या देता येतील, गरीब मुलींची लग्ने स्वस्तात होतील. मी स्वतः भाच्चीच्या लग्नाला कर्ज काढून गेलेला माणूस आहे, लग्नाविरुद्ध मी काय बोलणार! पण मला वाटते, तिथे आधी खोल्या बांधाव्यात. आठ-दहा खोल्या, एक स्वयंपाकघर, एक वाचनाची खोली, नळ आणि वजूची नीट जागा.

कोणासाठी? विठ्ठलवाडी स्टेशन कल्याणच्या पुढे पहिलेच. आपल्याकडे मुरबाड, शहापूर, कर्जत भागातून अकरावी-बारावीला मुले येतात. पहाटे पाचला घर सोडतात, रात्री नऊला पोचतात. कोणी दूरच्या नातेवाइकाकडे गॅलरीत झोपतो. गेल्या वर्षी आपल्या विज्ञान शाखेतून तीन मुली मधूनच गेल्या. तिघींच्या घरी मी गेलो होतो. कारण एकच सांगितले गेले: संध्याकाळच्या प्रात्यक्षिकानंतर परत जायला उशीर होतो. त्यांच्या वडिलांना मी जुन्या विचारांचे म्हणणार नाही. मुलगी आठच्या गाडीच्या गर्दीत असेल तर मलाही घोर लागेल. या मुली नापास झाल्या नव्हत्या. त्यांना फक्त झोपायला जवळ जागा नव्हती.

हे नवे मी सांगत नाही. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून एकेक वसतिगृह उभे केले. मुसलमान मुले शिकत नाहीत हे पाहून १९०६ साली मोहामेडन एज्युकेशन सोसायटी काढायला लावली आणि मुलांच्या राहण्याची सोय केली. कोल्हापूरचे मुस्लिम बोर्डिंग आजही उभे आहे. त्या राजाला कळले होते की, खेड्यातल्या मुलाला शाळा फुकट केली तरी तो शहरात राहणार कुठे? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढले तेव्हा आणखी एक पाऊल पुढे टाकले: सगळ्या जातींची मुले एका छपराखाली, एका पंगतीला. ते चालवण्यासाठी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, मंगळसूत्रसुद्धा. आपल्या समाजातही हे ज्ञान होते. बद्रुद्दीन तय्यबजी १८६० साली, सोळाही पुरी झाली नव्हती तेव्हा, विलायतेला शिकायला गेले. पण त्यांचा थोरला भाऊ त्यांच्या आधी तिथे गेला होता. भाऊ असतो त्याचे भागते. १८७४ साली त्यांनी आणि इतरांनी मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम काढली ती ज्यांना असा भाऊ नाही त्यांच्यासाठीच, असे मला वाटते.

पैशांविषयी. कुरआन शरीफमध्ये जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत शेवटचा मुसाफिर. घरापासून दूर, हातात पैसा नसलेला वाटसरू. विद्यार्थी त्यात कितपत येतो आणि इमारतीला ती रक्कम लावता येते की नाही, हे उलेमांनी सांगावे. मी इतिहास-भूगोलाचा मास्तर, माझा तो अधिकार नाही. पण खोल्यांसाठी वेगळे खाते आणि वेगळा हिशेब ठेवावा, एवढे मी म्हणू शकतो. पतपेढीत पाच वर्षे संचालक होतो, हिशेब एकत्र झाला की काय होते ते मी पाहिले आहे.

आणि एक अट माझ्या बाजूने. या खोल्या आपल्याच मुलांसाठी राखून ठेवू नयेत. कार्यकारिणीत हा मुद्दा निघाला तेव्हा एक ज्येष्ठ सभासद मला म्हणाले, “मास्तर, आपल्यांनाच पुरत नाही, दुसऱ्यांना कुठून देणार?” प्रश्न बरोबर आहे. माझ्याजवळ त्याचे उत्तर एवढेच आहे की, लंडनला माझ्या आईच्या वजूसाठी टब आणला तो एका कुणब्याच्या पोराने. दहा खोल्यांतल्या दोन तरी अशा मुलांसाठी असाव्यात. शहापूरच्या आदिवासी मुलाने आपल्या दारात येऊन विचारले तर त्याला नाव विचारण्याआधी मार्क विचारावेत.

पालकांना एक विनंती. मुलगा बाहेरगावी पाठवताना, मग ते पुणे असो, अलीगढ असो की लंडन, एजंटाला कॉलेजचे नाव नंतर विचारा. आधी विचारा, पहिल्या रात्री तो झोपणार कुठे? तिथून कॉलेज किती लांब? जामीन कोण राहणार? आणि २८ दिवसांनी पैसे परत करायचे असतील तर पाठवू नका. एक वर्ष थांबा, खरे पैसे जमवा. आणि मुलांनो, तुम्ही हॉटेलात राहतो असे आईला सांगू नका. तिला खरे कळले तर ती रडेल, पण काहीतरी करील. न कळले तर ती नुसती मिरवत राहील.

त्या मुलाचे काय झाले ते सांगून थांबतो, कारण चिटणीस साहेब घड्याळ पाहू लागले आहेत. मी परत आल्यावर मेहुण्यांना फोन करत राहिलो. ईस्ट हॅममधल्या त्यांच्या ओळखीच्या एका रत्नागिरीच्या कुटुंबात वरची खोली रिकामी होती. त्यांनी ती त्याला निम्म्या भाड्यात दिली. राहिलेला विषय तो दुसऱ्या खेपेला उत्तीर्ण झाला. आता त्याला काम मिळाले आहे, कर्जाचे हप्ते जाऊ लागले आहेत. आईला त्याने सर्व खरे सांगितले की नाही, हे मी विचारले नाही.

महिन्यापूर्वी त्याचा संदेश आला होता. लॉजवर तो अधूनमधून जातो. आमचा राखाडी टब जिन्याखाली, सामान ठेवतात तिथे आहे. मालकाने तो फेकून दिला नाही. आता कोणी नमाजी पाहुणा आला की, मालक स्वतःच तो वर नेऊन देतात, आणि छताचे सांगतात.

खुदा हाफिज.